थांबलेल्या दिवसाचे पैसे कोणी द्यायचे?

सांबऱ्याच्या बाजूने एखादे लहान शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेले की आमच्या वर्गातील निम्म्या माना खिडकीकडे वळतात. असेच एकदा कॉस्टिंगचा तास चालू असताना माझ्या शेजारी बसणारा कन्नड माध्यमातून आलेला मित्र हळूच म्हणाला, "काय रे, ही विमाने बहुतेक परदेशात तयार होतात ना? मग समुद्रापलीकडून येतात कशी? एवढ्याशा टाकीत समुद्र ओलांडण्याइतके पेट्रोल मावते तरी का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर दोघांनाही येईना. कॉस्टिंग बाजूला राहिले आणि पुढचा महिनाभर मी ग्रंथालयात भलतेच काही वाचत बसलो. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे, ते येथे मांडतो. ते सर्वांना पटेल असा माझा आग्रह नाही. माझ्या मित्रालाच ते अजून पटलेले नाही.

लहान विमान दूरदेशी पोहोचवण्याचे मार्ग दोन. पहिला म्हणजे पंख सोडवायचे, सगळे खोक्यात बंद करायचे, बोटीवर चढवायचे आणि पलीकडे उतरवून पुन्हा जोडायचे. यात वेळ जातो आणि सोडवण्या-जोडण्याची मजुरी दोन्ही टोकांना द्यावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे विमान सरळ उडवतच न्यायचे. हे काम करणाऱ्यांना फेरी पायलट म्हणतात. आपल्याला फेरी म्हटली की गोव्याची फेरीबोट आठवते. ती दहा मिनिटांत मांडवीच्या पलीकडे लावते. हे फेरीवाले मात्र एका इंजिनाच्या भरवशावर, बहुधा एकटेच, वीस-वीस तास समुद्रावर असतात.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे प्रथम आकडेमोडच केली. सेस्ना 172 हे चार आसनांचे विमान जगात सर्वांत अधिक संख्येने बनले आहे. त्याच्या अलीकडच्या नमुन्यात वापरता येण्याजोगे पेट्रोल सुमारे 200 लिटर मावते. तासाला साधारण 30 लिटर जळते असे धरले, तर साडेसहा तासांत टाकी कोरडी. आता कॅलिफोर्नियाचा किनारा आणि हवाई बेटे यांच्यामधले अंतर पाहा : सुमारे 2,100 नॉटिकल मैल, म्हणजे जवळजवळ 3,900 किलोमीटर. मध्ये उतरायला खडकसुद्धा नाही. वेग 110 नॉट धरला आणि वारा नाही असे मानले, तर 19 तास लागतील. समोरून नुसता 15 नॉटचा वारा आला की तेच 22 तास होतात. 22 तासांना 660 लिटर पेट्रोल लागेल. त्याचे वजन लिटरला 0.72 किलो या हिशेबाने 475 किलो भरते. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे 760 किलो आणि उड्डाणाची कमाल मर्यादा 1,157 किलो. म्हणजे माणूस, सामान, पेट्रोल सगळे मिळून भार घ्यायचा तो चारशे किलोंच्या आत. वैमानिक पायरीवर पाय ठेवण्यापूर्वीच नुसत्या पेट्रोलाने ही मर्यादा ओलांडलेली असते!

मग करतात काय, तर मागची आसने काढून तेथे जादा टाक्या बसवतात आणि नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन घेऊन उडण्याची खास परवानगी काढतात. परवानगी कागदावर मिळते, पण विमानाला कागद वाचता येत नाही. ते धावपट्टीवर जास्त लांब धावते, चढताना कण्हते, आणि मागे वजन वाढल्यामुळे त्याचा तोल नाजूक होतो. पहिले काही तास ते इतके जड असते की समोर ढग आले तरी त्यांच्यावर चढून जाण्याची ताकद त्याच्यात नसते. ढगात शिरावे तर उत्तरेकडच्या समुद्रावर पंखांवर बर्फ धरतो आणि जड विमान आणखी जड होते. शिवाय पाठीमागे हाताच्या अंतरावर शेकडो लिटर पेट्रोल. ते कोणत्या टाकीतून कधी घ्यायचे याचे व्हॉल्व्ह वैमानिकाने स्वतः फिरवायचे आणि प्रत्येक वेळ वहीत टिपायची. रोजकीर्दच म्हणा ना. फक्त ही चुकली तर दुरुस्तीची नोंद घालायला सवड नसते.

या हिशेबात एक गोष्ट मला विशेष वाटली. समजा 24 तासांचे पेट्रोल घेऊन तो निघाला आणि समोरून तोच 15 नॉटचा वारा आहे. तर सुमारे साडेबारा तासांनी असा एक बिंदू येतो, की तेथून परत फिरायला जेवढा वेळ तेवढाच पुढे जायला. आणखी तासाभराने दुसरा बिंदू येतो, की त्यानंतर परतण्याइतके पेट्रोलच उरत नाही. म्हणजे त्यापुढे इंजिनाचा आवाज बदलला काय किंवा वारा वाढला काय, ठरवण्यासारखे फारसे काही राहत नाही. ठरवायचे ते त्याआधी, आणि खरे पाहता जमिनीवरच. "आज जायचे की नाही," हाच या धंद्यातला मुख्य प्रश्न. माझा लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

या धंद्याचा इतिहास मोठा आहे, पण मी थोडक्यात उरकतो. लिंडबर्गने 1927 साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने साडेतेहतीस तासांत विमान नेले, तेव्हा मोठी टाकी त्याने स्वतःच्या पुढ्यातच बसवली होती, त्यामुळे त्याला समोरचे दिसत नसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बनलेली विमाने ब्रिटनला हवी होती. बोटीने पाठवायची तर महिने लागत, आणि वाटेत जर्मन पाणबुड्या. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणे वेडेपणाचे आहे असे जाणते लोक म्हणत असताना 10 नोव्हेंबर 1940 च्या रात्री डॉन बेनेट या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या नेतृत्वाखाली सात हडसन विमाने न्यूफाउंडलंडमधील गँडरहून निघाली. रात्री ढगात ती एकमेकांपासून सुटली, तरी सकाळी सातही उत्तर आयर्लंडला उतरली. पुढे युद्ध संपेपर्यंत नऊ हजारांहून अधिक विमाने अशी नेली गेली आणि पाचशेहून अधिक माणसे त्या कामात गेली. ते युद्ध होते. तेथे थांबण्याचा खर्च लढाईच्या हिशेबात मोजला जाई. आज जे विमान जाते ते एखाद्या गिऱ्हाइकाने विकत घेतलेले असते, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

आता 1978 सालची गोष्ट सांगतो. ती वाचल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

जे प्रोखनाऊ हा अमेरिकी नौदलातला माजी वैमानिक. शेतावर औषध फवारण्याची दोन सेस्ना 188 विमाने अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला पोहोचवायची होती. एक त्याच्याकडे, दुसरे त्याच्या सोबत्याकडे. पॅसिफिकमधील पागो पागो येथून निघताना सोबत्याचे विमान उडतानाच समुद्रात पडले. तो बचावला. प्रोखनाऊ मागे फिरला आणि नंतर एकटाच निघाला. जायचे होते नॉरफोक बेटावर. हे बेट इतके लहान की एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने सहज जाता येईल. अंदाज चौदा तासांचा. वेळ झाली, बेट दिसेना. दिशा दाखवणारे त्याचे यंत्र बिघडले होते, आणि आपण कोठे आहोत हे त्याला सांगता येईना. तो दिवस 22 डिसेंबरचा.

त्याच वेळी एअर न्यूझीलंडचे मोठे डीसी-10 विमान फिजीहून ऑकलंडला चालले होते. कॅप्टन गॉर्डन व्हेट. त्याला विचारणा झाली की शोधायला मदत कराल का. त्या काळी आजच्यासारखी उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रे नव्हती. व्हेटने रेडिओवरून प्रोखनाऊला सांगितले, "विमानाचे नाक सूर्याकडे कर आणि होकायंत्र काय दाखवते ते सांग." उत्तर आले 274 अंश. व्हेटने आपले विमान सूर्याकडे वळवले, तेव्हा 270 आले. या चार अंशांवरून हरवलेला माणूस आपल्या दक्षिणेला आहे हे त्याने ताडले. मग म्हणाला, "हात लांब कर, बोटे आडवी धर आणि सूर्य क्षितिजापासून किती बोटे वर आहे ते मोज." प्रोखनाऊला चार बोटे भरली, व्हेटला दोनच. एका बोटाला साधारण दोन अंश. मावळतीकडचा सूर्य ज्याला उंच दिसतो तो पश्चिमेला अधिक, म्हणून प्रोखनाऊ पश्चिमेलाही होता. पुढे सूर्य मावळला ती नेमकी वेळ त्याच्याकडून घेतली. नॉरफोक बेटावरच्या सूर्यास्ताशी ती ताडून पाहता साडेबावीस मिनिटांचा फरक निघाला. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, हे आपण सातवीच्या भूगोलात पाठ केलेले आहे. साडेबावीस भागिले चार, म्हणजे साडेपाच अंशांहून थोडे अधिक. इतका तो बेटाच्या पूर्वेला होता. आम्ही हे गणित परीक्षेपुरते केले आणि विसरलो. तेथे त्यावर एक माणूस वाचला.

अखेर अंधारात प्रोखनाऊला समुद्रावर एक दिवा दिसला. तेल काढण्याचा पेनरॉड नावाचा एक तळ बोटीने ओढून नेत होते. त्याचे ठिकाण ठाऊक होते, म्हणून प्रोखनाऊचेही ठिकाण निश्चित झाले. तो नॉरफोकला उतरला तेव्हा हवेत 23 तास 5 मिनिटे झाली होती.

ही गोष्ट सांगणारे सगळे व्हेटच्या बुद्धीची वाहवा करतात, आणि ती करावीच. पण मी मात्र 14 आणि 23 या दोन आकड्यांकडे पाहत बसलो. चौदा तासांचा प्रवास आणि तेवीस तासांनंतरही इंजिन चालू! व्हेटची बोटे, सूर्यास्त, समुद्रातला दिवा, यांतले काहीही उपयोगी पडण्याआधी टाकीत पेट्रोल उरलेले असायला हवे होते. आपल्या ताळेबंदात राखीव निधी असतो ना, तसे ते नऊ तास. नफा वाटताना भागधारकांना हा निधी नेहमी डोळ्यांत खुपतो. पैसे पडून राहिले असे वाटते. फेरी विमानातही जादा पेट्रोल म्हणजे जादा वजन, जादा खर्च, आणि उतरल्यावर "उगीच वाहून आणले" असे वाटायला लावणारे ओझे.

आजकाल वाट चुकण्याचे भय पुष्कळ कमी झाले आहे. तरी समुद्र तोच आहे. 25 जानेवारी 2015 रोजी कॅलिफोर्नियाहून हवाईकडे निघालेल्या एका सायरस विमानात जादा टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे येईना. पेट्रोल होते, पण उपयोगाचे नव्हते. (बँकेत शिल्लक असून चेक न वटण्यासारखेच हे!) सुदैवाने त्या जातीच्या विमानाला सबंध विमान तोलणारे पॅराशूट असते. वैमानिकाने आधीच कळवले, जवळ एक प्रवासी बोट होती तिकडे तो वळला, पॅराशूट उघडून विमान पाण्यावर सोडले, तराफ्यात चढला आणि बोटीने त्याला उचलले. माउई बेट तेथून अडीचशे मैल दूर होते. पॅसिफिकचे ते पाणी त्यातल्या त्यात उबदार. ग्रीनलंडजवळ पडलेल्याला असा वेळ मिळत नाही. गोठत्या पाण्यात पहिला एक मिनिट श्वास सावरण्यात जातो, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात आणि तासाभरात शुद्ध हरपते, असा तेथला ठोकताळा आहे. म्हणून तिकडचे वैमानिक अंगात रबरी पोशाख घालूनच उडतात. आवश्यक त्या सगळ्या वस्तू बाजारात मिळतात, त्यांची किंमतही ठरलेली आहे. फक्त एका गोष्टीची किंमत कोणी बिलात लावत नाही. ती म्हणजे थांबण्याची.

आता माझे मत. या धंद्यात मोबदला ठरवण्याच्या दोन पद्धती आढळतात. एक, उक्ती रक्कम : विमान तेथे पोहोचव, एवढे घे, वाटेतला खर्च तुझा. दुसरी, रोजाची : जितके दिवस लागतील तितक्या दिवसांचे पैसे, आणि राहण्याखाण्याचा खर्च मालकाचा. मालकाला उक्ती पद्धत आवडते, कारण त्याचा आकडा पहिल्या दिवशीच पक्का होतो. पण त्या आकड्याच्या पोटात काय दडले आहे ते पाहा. लॅब्राडॉरमध्ये गूझ बे येथे वैमानिक वादळामुळे चार दिवस अडकला, तर हॉटेलचे बिल त्याच्या खिशातून जाते आणि पुढचे काम बुडते ते वेगळेच. पाचव्या दिवशी सकाळी हवामानाचा नकाशा "जमेल कदाचित" असा असेल, तर तो नकाशा वाचणारे डोळे कोणाचे? चार दिवसांचा तोटा झालेल्या माणसाचे. मी त्याला लोभी म्हणणार नाही. तो तुमच्या-माझ्यासारखाच माणूस आहे. पण करार असा लिहिला आहे की त्याच्या प्रत्येक सावधपणाचा दंड त्यालाच, आणि प्रत्येक धाडसाची बचत मालकाला.

याला आपल्याच अभ्यासक्रमात उत्तर आहे. सागरी विम्याच्या प्रकरणात 'जनरल अ‍ॅव्हरेज' हे तत्त्व आपण शिकतो, 1963 च्या आपल्या कायद्यातही ते आहे. वादळात जहाज वाचवण्यासाठी कप्तानाने कोणाचा तरी माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान त्या एका व्यापाऱ्याने सोसायचे नसते. ज्यांचे ज्यांचे वाचले, त्या सर्वांनी ते वाटून घ्यायचे. हे तत्त्व विम्याच्या धंद्याहूनही जुने आहे. मला असे वाटते, की वादळ टळेपर्यंत थांबलेला दिवस हा समुद्रात फेकलेल्या मालासारखाच आहे. विमान वाचावे म्हणून तो टाकलेला असतो. मग तो एकट्या वैमानिकाच्या खात्यावर का लिहायचा? विमान मालकाचे, जोखीम विमा कंपनीची, आणि थांबण्याचा खर्च मात्र पगारदाराचा, हे कोणत्या लेखाशास्त्रात बसते?

माझ्या मित्राचा आक्षेप असा : "रोजाने पैसे दिलेस तर तो आइसलँडच्या हॉटेलात पाय पसरून बसेल. ढगाचा तुकडा दिसला की म्हणेल, आज नको." आक्षेप खोटा नाही. रोजंदारीवर काम रेंगाळते हे आपल्या घराचे बांधकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पण दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत तोलून पाहा. एका चुकीत मालकाचे दोन-चार दिवसांचे हॉटेलबिल जाते. दुसऱ्या चुकीत विमान जाते आणि आत बसलेला माणूस जातो. शिवाय मधला मार्ग निघू शकतो. उडण्याबद्दलची रक्कम उक्ती ठेवावी आणि हवामानामुळे थांबलेल्या दिवसांचा भत्ता निराळा, मालकाकडून. हवामानाची नोंद तर प्रत्येक विमानतळावर तासातासाला होत असते, म्हणजे व्हाउचरही आपोआप तयार!

मला हा प्रश्न इतका का झोंबला, ते सांगितल्याशिवाय लेख अपुरा राहील. माझे मामा बेळगावहून गोव्याला भाजीचा ट्रक नेत असत. फेरीला ठराविक पैसे आणि उशीर झाला तर कापणी. चोर्ला घाटात पावसाळ्यात असे धुके उतरते की ट्रकच्या नाकापुढचा दिवा दिसत नाही. रस्त्यावर मराठीत 'अति घाई संकटात नेई' आणि कन्नडात 'निधानवे प्रधान' अशा पाट्या आहेत. मामांना दोन्ही वाचता येतात. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका रात्री ते घाटमाथ्यावर तासभर थांबले आणि मग निघाले. ट्रक मोरीच्या कठड्यावर गेला, पाय दोन ठिकाणी मोडला. कागदावर कारण लिहिले गेले 'चालकाचा निष्काळजीपणा'. मी नंतर विचारले, "मामा, तुम्ही पहाटेपर्यंत थांबला का नाहीत?" ते म्हणाले, "थांबलो असतो रे पोरा. पण आधीच्या आठवड्यात थांबलो होतो, तेव्हाचे कापलेले अजून भरून निघाले नव्हते."

तो एक तास आणि ती कापलेली रक्कम या दोहोंचा संबंध त्या कागदावर कोठेही नाही. विमान अपघातांच्या बातम्या वाचताना 'वैमानिकाची चूक' असे शब्द आले की मला आता तो कागद आठवतो. चूक असेलही. मामांचीही होती, ते स्वतः कबूल करतात. पण चूक करणाऱ्याला थांबण्याचे पैसे मिळणार होते की नाही, हा रकाना त्या नमुन्यात छापलेला नसतो.

माझ्या मित्राला मी हे सारे ऐकवले. तो म्हणाला, "मामांचे मला पटते. विमानाचे नाही. फेरी पायलट आपला दर ठरवतानाच थांबण्याचे दिवस त्यात धरतो. तो काही अडाणी मजूर नव्हे." मी म्हटले, "धरतो खरे. पण दुसरा कोणी दिवस न धरता स्वस्तात जायला तयार असला, तर काम त्याच्याकडे जाते." यावर आमचा वाद मिटला नाही, आणि कॉस्टिंगच्या सरांनी दोघांनाही बाहेर काढले. त्याने आपली बाजू याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिली आहे. ज्यांना कन्नड वाचता येते त्यांनी तीही जरूर वाचावी. त्यातली एक आकडेमोड चुकली आहे असे मला वाटते, पण ती कोणती, हे मी त्याला छापून आल्यावरच सांगणार आहे.